सिरोसिस घरी सांभाळताना: औषधं, त्यांचे त्रास आणि एक शंभर पानी वही

सहा वर्षांपूर्वी माझ्या मिस्टरांना लिव्हर सिरोसिस, म्हणजे लिव्हर कठीण होत जाण्याचा आजार, असल्याचं निदान झालं. पायाला सूज येते म्हणून साताऱ्यातल्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी सोनोग्राफी करायला लावली आणि तिथून थेट पुण्याला पाठवलं. आठ दिवसांनी घरी सोडलं तेव्हा हातात नऊ औषधांची चिठ्ठी होती आणि एक वाक्य, "मीठ कमी करा, दोन महिन्यांनी दाखवायला या." कोणती गोळी कशासाठी, तिचा काय त्रास होईल आणि त्रास झाला तर काय करायचं, हे त्या चिठ्ठीवर कुठेच नव्हतं. ते आम्ही ठेचा खात शिकलो. ज्यांच्या घरी ही चिठ्ठी नुकतीच आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी डॉक्टर नाही. इथे दिलेले आकडे तुम्हाला तुमच्या डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारता यावा म्हणून आहेत. त्यांच्या आधारावर घरच्या घरी गोळ्या कमी-जास्त करू नका. आमच्या घरात सगळ्यात मोठं संकट आलं ते एक औषध गुपचूप बंद केल्यामुळे, त्याबद्दल पुढे सांगतेच.

१. आजाराचं कारण विचारून घ्या

निदान कळल्यावर पहिले काही महिने भेटायला येणारा प्रत्येक माणूस एकच विचारायचा, "किती घ्यायचे?" ह्यांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. वीस वर्षांचा मधुमेह आणि लिव्हरवर साचलेली चरबी, एवढ्यावर सिरोसिस झाला. दारूनं होतो, तसाच तो हिपॅटायटिस बी आणि सी या विषाणूंनी होतो, चरबीनं होतो, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लिव्हरवर उलटल्यानं होतो. तेव्हा "कशामुळे झाला?" हा प्रश्न डॉक्टरांना सरळ विचारा आणि उत्तर फाईलमध्ये लिहून घ्या. कारण कळलं तर त्यावरही उपचार करता येतो. बी किंवा सी निघाला तर २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली त्याची औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. बी असेल तर घरातल्या सगळ्यांचीही तपासणी करून लस घ्यावी लागते. कारण दारू असेल तर ती एक थेंबही चालत नाही. पण त्या माणसाला घरात रोज टोचून बोलू नका. तो आधीच खूप घाबरलेला असतो.

पुढचं सगळं समजायला एवढं पुरेसं आहे. लिव्हर कठीण झालं की आतड्याकडून येणाऱ्या रक्ताची वाट अडते. मग रक्त आडवाटेनं जातं, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि कधीतरी फुटतात. पोटात पाणी साचतं. आणि जे अमोनियासारखं विष लिव्हरनं गाळायचं, ते न गाळता मेंदूपर्यंत पोचतं. नऊच्या नऊ औषधं या तीन गोष्टींच्या मागे लागलेली असतात.

२. फाईल लावा आणि वही घाला

फाईलमध्ये नेहमी तयार ठेवायचे कागद:

- डिस्चार्ज कार्ड, सगळी, तारखेच्या क्रमानं
- रक्ततपासण्या: बिलिरुबिन (कावीळ), अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते रक्तातलं प्रथिन), आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ), क्रिएटिनिन (किडनीचं काम), सोडियम, पोटॅशियम, प्लेटलेट
- सोनोग्राफी आणि दुर्बिणीच्या तपासणीचे रिपोर्ट
- रक्तगट
- चालू औषधांची एका पानावर लिहिलेली यादी, डोस आणि वेळेसकट
- आधार कार्ड, रेशन कार्ड, विम्याची कागदपत्रं यांच्या दोन-दोन झेरॉक्स

औषधांच्या यादीची एक प्रत ह्यांच्या पाकिटात असते, एक माझ्या पर्समध्ये. मध्यरात्री अनोळखी दवाखान्यात जायची वेळ आली तर पहिला प्रश्न "काय चालू आहे?" हाच असतो, आणि त्या वेळी गोळ्यांची नावं आठवत नाहीत.

घरात लागणारं सामान: डिजिटल वजनकाटा, बीपीचं यंत्र, थर्मामीटर, मोजमापाचं झाकण किंवा चमचा, मधुमेह असेल तर साखर तपासायचं यंत्र. वजनकाटा चांगला घ्या, बाकी साधं चालेल.

आणि वही. आम्ही शंभर पानी साधी वही वापरतो. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत वजन करायचं आणि लिहायचं. त्याच ओळीत बीपी आणि नाडी, आदल्या दिवशी किती वेळा शौचाला झालं, रात्री झोप लागली का. शेवटी ह्यांनी स्वतःची सही करायची. सहीचं कारण तिसऱ्या मुद्द्यात कळेल.

दोन महिन्यांनी डॉक्टरांसमोर मिळतात पाच-सात मिनिटं. तेवढ्यात "जरा बरं नव्हतं" असं सांगण्यापेक्षा वहीचं पान उघडून दाखवलं की डॉक्टर डोस जुळवून देतात. आमच्या डॉक्टरांनी दुसऱ्या भेटीपासून रिपोर्टच्या आधी वही मागायला सुरुवात केली.

३. लॅक्टुलोज: सगळ्यात जास्त कंटाळा येणारं आणि सगळ्यात जास्त गरजेचं औषध

हे पातळ, चिकट, अती गोड औषध असतं. बाटलीवर बद्धकोष्ठतेसाठी असं लिहिलेलं असतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो. रुग्णाला वाटतं, आपलं पोट तर साफ होतंय, मग हे कशाला? सिरोसिसमध्ये ते पोटासाठी नसतं, मेंदूसाठी असतं. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचं आम्ल करतात, त्यामुळे अमोनिया रक्तात न शिरता आतड्यातच अडकतो आणि शौचावाटे बाहेर पडतो. ठरलेला आकडा दिवसाला दोन ते तीन वेळा मऊ शौचाचा. म्हणजे डोस किती मिलिलिटरचा यापेक्षा दिवसाला किती वेळा होतंय हे महत्त्वाचं.

आमची चूक सांगते. निदानाला सात-आठ महिने झाले होते. म्हसवडजवळ भाच्याचं लग्न होतं. प्रवासात, मांडवात, दुसऱ्याच्या घरी सारखं शौचाला जावं लागेल, ही ह्यांना लाज वाटायची. त्यांनी मला न सांगता तीन दिवस औषध घेतलंच नाही. लग्न नीट पार पडलं. घरी आल्यावर रात्रभर जागे होते आणि दिवसा बसल्या जागी झोपत होते. मला वाटलं, दगदग झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी शर्टाची बटणं वरखाली लावलेली होती आणि मला त्यांनी "आक्का" म्हणून हाक मारली. आक्का ही त्यांची थोरली बहीण, तिला जाऊन अकरा वर्षं झालीत. हात पुढे करायला सांगितले तर पंखाची फडफड व्हावी तसे मनगटातून हलत होते. पाच दिवस दवाखान्यात काढले.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी डॉक्टरांना खरं कारण सांगितलं. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "अहो, मला फोन केला असता तर वेळा बदलून दिल्या असत्या." एवढी साधी गोष्ट होती. आता प्रवासाच्या दिवशी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पहिला डोस पहाटे पाचला घेतात, निघायच्या आधी मोकळे होतात, आणि पुढचा डोस मुक्कामाला पोचल्यावर. बाटली पिशवीत असतेच.

त्रास आणि त्यावर आम्हाला उपयोगी पडलेलं:

पोट फुगणं आणि गॅस पहिल्या दोन-तीन आठवड्यांत फार होतो, नंतर बराच कमी होतो. एकदम मोठा डोस घेण्याऐवजी विभागून घेता येईल का ते विचारा. गोडीनं मळमळत असेल तर अर्ध्या पेल्या पाण्यात लिंबू पिळून त्यात मिसळा, थंडगार करून घ्या. वर लगेच चूळ भरा, दातांनाही बरं. मधुमेहात एवढं गोड कसं घ्यायचं, ही शंका ह्यांनाही होती. ते बहुतांश आतड्यातून रक्तात जातच नाही. साखर मात्र नेहमीसारखी तपासत राहा.

पाणचट जुलाब चार-पाच वेळा झाले तर ते औषधाचं यश समजू नका. अंगातलं पाणी आणि क्षार गेले की मेंदूवर तसाच परिणाम होतो आणि किडनीवरही ताण येतो. त्या दिवशी डॉक्टरांना फोन करून डोस कमी करून घ्या. उलट एक पूर्ण दिवस झालंच नाही, तरीही फोन करा. शौचाची जागा दुखत असेल तर कागदाऐवजी पाणी वापरा, कोरडं करून खोबरेल तेल लावा.

लॅक्टुलोज घेऊनही गुंगी परत आली तर बहुधा रिफॅक्सिमिन नावाची गोळी जोडतात. ती महाग आहे, पण तिचा त्रास कमी. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किमतीत बराच फरक असतो, तेव्हा "याच औषधाची स्वस्त कंपनी चालेल का?" असं विचारायला संकोचू नका. महाग म्हणून दोनऐवजी एक घ्यायची, असं मात्र करू नका.

आता सहीचं. मेंदूवर परिणाम व्हायला लागला की रुग्णाला स्वतःला ते कळत नाही. घरच्यांना कळतं, तेही उशिरा. अक्षर मात्र आधी बिघडतं. सही वाकडी आली, ओळ सोडून गेली, की त्या दिवशी मी शौच, ताप, पाणी पिणं हे सगळं तपासते. चिडचिड वाढणं, रात्रीचा दिवस होणं, टीव्हीवरचं कळेनासं होणं, याही खुणा आहेत. एक मिनिटात प्राण्यांची नावं सांगायला लावा. नेहमी पंधरा-सोळा सांगणारा माणूस आठ-नऊवर अडकला तर काहीतरी बिघडतंय. आणि एकदा अशी गुंगी येऊन गेली असेल तर स्कूटर-गाडी चालवू देऊ नका. यावरून आमच्या घरी खूप भांडण झालं. किल्ली मी माझ्या कपाटात ठेवली ती अजून तिथेच आहे.

४. पाणी उतरवायच्या गोळ्या

साधारणपणे दोन असतात, स्पायरोनोलॅक्टोन आणि फ्युरोसेमाइड. सुरुवात अनेकदा १०० आणि ४० मिलिग्रॅमच्या प्रमाणात होते. दोन्ही सकाळी घ्यायच्या. संध्याकाळी घेतल्या तर रात्रभर बाथरूमच्या फेऱ्या होतात, आणि अंधारात पडायचं भय वेगळंच.

इथे वजनकाट्याचं खरं काम. पायावर सूज नसताना दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त आणि सूज असताना एक किलोपेक्षा जास्त वजन उतरत असेल तर पाणी फार वेगानं जातंय. किडनीला ते झेपत नाही. पहिल्या आठवड्यात चार दिवसांत पाच किलो उतरलं म्हणून आम्ही खूष होतो आणि रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. उलट दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर पाणी परत साचतंय. खूप दिवस तेच वजन दिसत असेल तरी निर्धास्त राहू नका, कारण दंड-मांड्यांचं मांस कमी होत असतं आणि पोटात पाणी वाढत असतं. काट्यावर आकडा तोच दिसतो. म्हणून आठवड्यातून एकदा बेंबीच्या पातळीवर टेपनं पोटाचा घेरही मोजा.

स्पायरोनोलॅक्टोनचा एक त्रास पुरुष कुणाला सांगत नाहीत. छाती दुखते, स्तनाग्राखाली गाठ लागते, छाती भरल्यासारखी होते. ह्यांनी तीन महिने सांगितलं नाही, कारण त्यांना कर्करोग वाटत होता. गोळीचा हा परिणाम माहितीतला आहे, डॉक्टर पाहून खात्री करतात आणि पर्यायी गोळी देऊ शकतात. घरातल्या बायकांनीच हा विषय काढावा, असं मला वाटतं. पुरुष काढत नाहीत.

ही गोळी शरीरात पोटॅशियम धरून ठेवते. त्यामुळे "गरम पडतंय, शहाळं द्या" हा सल्ला रोज पाळू नका. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर. त्याहून मोठा सापळा म्हणजे दुकानात मिळणारं कमी सोडियमचं मीठ. मीठ कमी करायचं म्हणून माणूस विश्वासानं ते आणतो. पण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. आम्हीही एक पाकीट आणलं होतं. आहारतज्ज्ञ बाईंनी ते बघितलं म्हणून बरं, नाहीतर रोज तेच जेवणात गेलं असतं. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

पायात गोळे येणं हा तिसरा त्रास, बहुतेक रात्री येतात. पोटरी ताणून धरायची, टाच भिंतीला टेकवून पंजा वर ओढायचा, कोमट पाण्याची पिशवी ठेवायची. वारंवार येत असतील तर सोडियम-पोटॅशियम तपासून घ्या, पाणी फार उतरलंय का ते कळतं.

पिण्याचं पाणी स्वतःहून तोडू नका. पोटात पाणी झालंय म्हणून पाणी बंद, असा समज घरोघरी आहे. पाणी मोजून प्यायला सहसा रक्तातलं सोडियम बरंच खाली गेल्यावर, १२५ च्या खाली, सांगतात. तोवर तोडायचं ते मीठ.

५. जेवण: मीठ कमी, पण जेवण कमी नाही

दिवसाचं मीठ पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, सगळं धरून. मी सकाळी तेवढं मीठ छोट्या डबीत काढते, ह्यांचं वरण-भाजी दिवसभर त्यातूनच. भाकरी-पोळीत घालत नाही. पापड, लोणचं, फरसाण, भडंग, सुकी मासळी, खारे दाणे, पाव-बिस्किटं, सॉस बंद. सैंधव आणि पादेलोण हेही मीठच आहे. पोट जड वाटलं की पाण्यात टाकून घ्यायचं फसफसणारं चूर्ण, त्यातही सोडियम भरपूर. ते आमच्या घरात सहा महिने चालू होतं आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही.

पण पूर्ण आळणी करू नका. आळणी जेवण माणूस दोन घास खाऊन ताट सरकवतो आणि मग मीठ कमी होण्याआधी माणूसच खंगतो. लिंबू, आमसूल, आलं, लसूण, कोथिंबीर, जिऱ्याची फोडणी, ओलं खोबरं, बिनमिठाची तिळाची किंवा जवसाची चटणी यांनी चव येते. जिभेला तीन-चार आठवड्यांत सवय होते.

प्रथिनांबद्दल जुना गैरसमज अजून जिवंत आहे. अमोनिया प्रथिनांपासून होतो, म्हणून डाळ-अंडी बंद करा, असं आम्हालाही दोन ठिकाणी सांगितलं गेलं. आता लिव्हरचे डॉक्टर उलट सांगतात. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत. साचलेलं पाणी वगळून ज्याचं वजन ६० किलो, त्याला ७२ ते ९० ग्रॅम. हे फार होतं, नुसत्या वरण-भातानं भरत नाही. मूगडाळ, मटकीची उसळ, दूध, दही, पनीर, अंडी असं दिवसभर पेरावं लागतं. मांस-मटणापेक्षा डाळी आणि दूध-दही सोसतं, असा आमचाही अनुभव. अमोनिया काढायचं बरंचसं काम दंडा-मांड्यांचे स्नायू करतात, म्हणून मांस झडू द्यायचं नाही. रोज चालणं आणि खुर्चीतून दहा-पंधरा वेळा उठबस. जड वजन मात्र उचलू देऊ नका, बेंबीचा हर्निया असेल तर मुळीच नाही.

उपाशी पोट सर्वांत वाईट. कठीण झालेल्या लिव्हरमध्ये साखरेचा साठा राहत नाही, त्यामुळे रात्रभरच्या उपासातच शरीर स्वतःचं मांस जाळायला लागतं, निरोगी माणसाला त्याला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून दिवसा तीन-चार तासांपेक्षा जास्त उपाशी नाही, झोपताना दूध आणि राजगिरा लाडू किंवा सातूचं पीठ कालवून, आणि उठल्यावर तासाभरात खाणं. मधुमेहवाल्यांनी लाडवाऐवजी काय, ते डॉक्टरांना विचारावं. आम्ही दुधात सातू घेतो, बिनसाखरेचं.

ह्यांचा चाळीस वर्षांचा संकष्टीचा उपास होता. तो सोडवायला मला डॉक्टरांची नाही, सासूबाईंची मदत झाली. त्या म्हणाल्या, "माझ्या बाप्पाला उपाशी पोर नको." त्या दिवसापासून संकष्टी त्या दोघांसाठी एकट्याच धरतात.

किनाऱ्याकडच्या वाचकांसाठी एकच. कालवं, तिसऱ्या अर्धकच्च्या खाऊ नका. त्यातल्या जिवाणूंचा संसर्ग सिरोसिसमध्ये जिवावर बेततो. चांगली शिजवलेली मासळी चालते.

६. शिरा बांधणं आणि नाडी कमी करणाऱ्या गोळ्या

तोंडातून दुर्बीण घालून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांवर रबरी बँड चढवतात. ते एकदा करून संपत नाही, शिरा बसेपर्यंत दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा जावं लागतं. हे आधी माहीत नसेल तर दुसऱ्यांदा बोलावल्यावर माणूस खचतो. बँडिंगनंतर एक-दोन दिवस छातीत दुखतं, गिळताना अडकतं. आम्ही पहिल्या दिवशी थंड दूध, ताक, नंतर पेज, मऊ खिचडी, असं हळूहळू नेतो. भाकरीचा कडक पापुद्रा, चिवडा, गरमागरम चहा आठ-दहा दिवस नाही. बँड गळून पडतात तिथे जखम असते आणि रक्तस्राव होण्याचा धोका पुढचे दोन आठवडे राहतो. त्या काळात दवाखान्यापासून लांब गावाला जाऊ नका.

प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल या गोळ्या शिरांमधला दाब कमी करतात. थकवा आणि उठताना चक्कर हा त्यांचा त्रास. कार्व्हेडिलॉल जेवणाबरोबर घेतलं की चक्कर कमी होते. पलंगावरून उठताना आधी बसायचं, मिनिटभर थांबायचं, मग उभं राहायचं. नाडी ५५ च्या खाली किंवा वरचं बीपी ९० च्या खाली गेलं तर पुढची गोळी घेण्याआधी फोन करा. अचानक बंद करू नका, दाब उसळतो. मधुमेह असलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. साखर उतरल्यावर होणारी छातीतली धडधड या गोळ्यांमुळे जाणवत नाही. घाम सुटला की साखर तपासा. आणि तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी सिरोसिसमध्ये खोटी कमी दाखवू शकते, बोटातून काढलेल्या रोजच्या साखरेवर जास्त भरवसा ठेवा.

७. पोटातलं पाणी काढायला जाताना

सुईनं पाणी काढायला भीती वाटते, पण त्यानंतर जो श्वास मोकळा होतो तो ह्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. पाच लिटरपेक्षा जास्त काढलं तर सलाइनमधून अल्ब्युमिन देतात, दर लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम. २० टक्क्यांच्या १०० मिलिलिटर बाटलीत २० ग्रॅम असतं. म्हणजे आठ लिटर काढायचं तर साधारण तीन बाटल्या. ती महाग असते, तेव्हा किती लागतील हे आदल्या दिवशी विचारा. "परवडत नसेल तर नको" असं कुणी म्हणालं तरी त्याशिवाय जास्त पाणी काढू देऊ नका. कमी काढा, पुन्हा जा. पहिल्यांदा पाणी काढलं की त्याची तपासणीही करायला सांगा, पाण्यात जंतुसंसर्ग आहे का ते त्यात कळतं.

८. बंद म्हणजे बंद

अंगदुखीच्या गोळ्या: डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, असेक्लोफेनॅक, निमेसुलाइड. यांनी किडनी बिघडते आणि रक्तस्राव होऊ शकतो. मेडिकलवाला "डोकेदुखीची साधी गोळी" म्हणून देतो त्यात पॅरासिटामॉलबरोबर यातलं एखादं मिसळलेलं असतं, पाकिटामागचं वाचा. नुसतं पॅरासिटामॉल दिवसाला दोन ग्रॅमपर्यंत डॉक्टरांना विचारून चालतं. लोकांना हे उलट वाटतं. पॅरासिटामॉलला घाबरतात आणि बाकीच्या बिनधास्त घेतात.

झोपेच्या गोळ्या नकोत. झोप उडणं हे गुंगीचं पहिलं लक्षण असू शकतं आणि वर झोपेची गोळी दिली की माणूस उठतच नाही.

आणि गावठी उपाय. कावीळ उतरवायची म्हणून नाकात रस घालणं, झाडपाल्याचा काढा, कुणीतरी पत्ता न सांगता पुडीतून पाठवलेली पावडर, हे प्रेमानंच येतं. माझ्या सख्ख्या नणंदेनं दोन बाटल्या आणल्या होत्या. आसव-अरिष्टांमध्ये आंबवताना तयार झालेली दारू असते. गुळवेलीबद्दलही जपून राहा. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात छापली होती. निरोगी लिव्हर जे पचवेल ते हे लिव्हर पचवत नाही. नणंदेला मी नाही म्हटलं नाही. "पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवते," म्हटलं आणि खरंच दाखवलं. नको म्हणायचं काम डॉक्टरांनी केलं, नातं टिकलं.

९. या गोष्टी दिसल्या की सकाळची वाट बघायची नाही

- रक्ताची उलटी, किंवा डांबरासारखी काळी, चिकट शौच (लोहाच्या गोळ्या चालू असतील तरीही काळी होते, पण खात्री डॉक्टरांना करू द्या)
- ताप किंवा पोटात दुखणं, पोटात पाणी असताना थोडा ताप सुद्धा
- भलतंच बोलणं, उठवून न उठणं
- दिवसभर लघवी फारच कमी
- बेंबीचा हर्निया कडक होणं, रंग बदलणं, दुखणं

ताप आला की आधी दोन दिवस घरी बघू, असं आपण करतो. पोटातल्या पाण्याला जंतुसंसर्ग झाला तर ते दोन दिवसच महागात पडतात. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात लॅक्टुलोज ओतू नका, श्वासात जाईल.

१०. पुढची तयारी

दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. बरं वाटतंय म्हणून ती चुकवू नका. सिरोसिसमध्ये लिव्हरचा कर्करोग होऊ शकतो आणि लहान असताना सापडला तर उपाय असतो. हिपॅटायटिस ए आणि बी, न्यूमोनिया, फ्लू यांच्या लसी विचारून घ्या.

दर तपासणीनंतर "मेल्ड स्कोअर किती झाला?" हे विचारा. लिव्हर किती बिघडलंय ते सांगणारा हा आकडा. बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनिन आणि सोडियमवरून तो काढतात. १५ च्या पुढे गेला किंवा पोटात पाणी, गुंगी, रक्तस्राव यांतलं काही झालं की लिव्हर प्रत्यारोपणाच्या (लिव्हर बदलण्याच्या) डॉक्टरांना एकदा भेटून या. भेटणं म्हणजे लगेच ऑपरेशन नव्हे. आम्ही भेटायला दीड वर्ष उशीर केला, निव्वळ त्या शब्दाच्या भीतीनं. मेंदूमृत दात्याच्या लिव्हरसाठी नाव रुग्णालयामार्फतच विभागीय केंद्रात नोंदवतात. महाराष्ट्रात ती मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. पैसे घेऊन यादीत वर नेतो म्हणणारा माणूस भेटला तर तिथून उठा, १९९४ च्या कायद्यानं अवयवांचा व्यवहार गुन्हा आहे. जवळच्या नात्यातला माणूस लिव्हरचा भाग देऊ शकतो, पण त्यासाठी नातं सिद्ध करणारी कागदपत्रं लागतात. लग्नाचा दाखला, जन्मदाखले, रेशन कार्डावरची नावं, आधारवरचं स्पेलिंग, हे सगळं जुळतंय का ते आत्ताच बघा. आमच्या लग्नाची नोंदणीच नव्हती, ती करण्यात दोन महिने गेले.

पैशांसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, महात्मा फुले योजनेत काय बसतं ते विचारा. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. मुख्यमंत्री सहाय्यता निधीच्या अर्जालाही तोच दाखला आणि रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक. दाखला आधीच काढून ठेवा, दाखल झाल्यावर तहसीलच्या रांगेत कोण उभं राहणार?

शेवटचं, सांभाळणाऱ्यांसाठी. वही भरायला घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी पहिल्या महिन्यातच शिकवा. मी पहिली तीन वर्षं ह्यांना सोडून एक रात्रही बाहेर राहिले नाही आणि शेवटी माझंच बीपी वाढलं. मग मुलाला शेजारी बसवून वजन, शौच, नाडी, सही सगळं दाखवलं. गेल्या महिन्यात मी चार दिवस माहेरी कराडला जाऊन आले. त्या चार दिवसांच्या नोंदी त्याच्या अक्षरात आहेत. तिसऱ्या दिवशी वजन सव्वा किलो वाढलेलं त्यानं टिपलं, डॉक्टरांना फोन केला, गोळी बदलून घेतली आणि मला परत आल्यावर सांगितलं. शेजारी ह्यांची सही आहे, नेहमीसारखी सरळ ओळीत.